कुंकवाखालचं मेण

टिकलीचं पाकीट येण्याआधी कपाळावर अगोदर मेणाचं बोट फिरे आणि मग त्यावर कुंकू बसे. करंड्याशेजारी मेणाची डबी असायचीच. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात या मेणाची पारख व्हायची ती रोवणीत. वरून पाऊस, खाली चिखल, बाई दिवसभर वाकलेली. तरी कुंकू ओघळत नाही, कारण मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही.

मला या पदार्थाचं खरं कौतुक वाटतं ते त्याच्या मऊपणाच्या मापाचं. अंगाच्या उबेला, ३५ अंशांच्या आसपास, ते बोटाला वश होतं. वितळायला मात्र ६२ ते ६४ अंश लागतात. भंडाऱ्याचा मे महिना पंचेचाळिशी गाठतो, पण मेण नरमतं, वाहत नाही. खनिज तेलातून निघणारं पॅराफिन हाताखाली भुरभुरतं, चिरतं. मधमाशीच्या मेणात एस्टर, हायड्रोकार्बन आणि मोकळी आम्लं एकत्र नांदतात, म्हणून ते तुटण्याऐवजी वळतं. कोल्ड क्रीममध्ये हीच आम्लं बोरॅक्सशी मिळून साबण बनवतात, आणि तेल-पाण्याचं जमतं. आयुर्वेदातल्या सिक्थतैलात तर नुसतं तिळाचं तेल आणि मेण, भेगाळल्या कातडीसाठी.

भंडारा शहराचं नाव पितळी भांड्यांसाठी, पण पितळ आणि मेण यांची खरी गाठ बघायची तर बस्तरच्या घडवा कारागिरांकडे जावं. मातीच्या गाभ्यावर ते मेणाची बारीक तार गुंडाळत जातात, वर मातीचा लेप देतात. भट्टीत मेण निघून जातं, त्याच्या जागी धातू शिरतो. त्यांनी घडवलेल्या हत्तीच्या पाठीवर बोट फिरवा, तारेचा एकेक फेरा पितळेत हाताला लागतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’मध्ये ही रीत सांगितली आहे.

आणि हे सगळं मेण येतं कुठून? कामकरी माशीच्या पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून, पांढऱ्या इवल्या पापुद्र्यांनी. पिवळेपण मागाहून, परागाचं आणि झाडांच्या डिंकाचं. आग्या मोहोळाची पोळी मध पिळून झाल्यावर पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून ठेवली की थंड पाण्यावर मेणाची वडी धरते. विकत घेताना तिचा तुकडा तळहातावर मळून बघावा: चांगलं मेण कणकेसारखं एकजीव होतं, भेसळीचं भुगा होऊन पडतं.