आतड्यातील पूर्वचिन्हे : एक आक्षेप

कंपवाताचा उगम आतड्यात होत असावा, हे हाइको ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलेले अनुमान मोहक आहे. जेम्स पार्किन्सनच्या १८१७ च्या निबंधातही मलावरोधाचा उल्लेख आहेच. परंतु अनुमानावरून निदानाकडे उडी घेण्याची घाई आम्हांस मान्य नाही. आल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन रुग्णांच्या आतड्यातील मज्जातंतूंत साचते खरे. पण निरोगी माणसांच्या आतड्यांतही ते आढळते, आणि रंजनाची पद्धत बदलली की निष्कर्ष बदलतात! व्हेगस मज्जातंतू छेदलेल्यांस हा रोग कमी होतो, असे डेन्मार्कमधील नोंदींवरून २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथील नोंदींवरूनच त्याच वर्षी इतरांस तसे दिसले नाही. ज्या रोगास थोपविणारा उपाय अद्याप नाही, त्याची पूर्वसूचना अशा खुणेवरून द्यावयाची कोणत्या तोंडाने?