कोलांट्या खाणारं अस्वल

‘एव्हरीथिंग’ या व्हिडिओ गेममधलं अस्वल चालत नाही. पाय हलत नाहीत, मान वळत नाही. लाकडी खेळण्यासारखं ताठ, उभंच्या उभं ते पुढे कलंडतं: आधी नाकावर, मग पाठीवर, मग पुन्हा चार पायांवर. आधी हसू फुटतं. वाटतं, करणाऱ्यानं अंगचोरी केली. पण थोडा वेळ खेळलं की त्या कोलांट्यांचं काहीच वाटेनासं होतं. या जगात असंच चालतात, हे डोळ्यांनी केव्हाच मान्य केलेलं असतं.

हा गेम करणाऱ्या डेव्हिड ओरायलीचं कसब नेमकं इथे आहे. आयर्लंडमधल्या किल्केनीचा हा अ‍ॅनिमेशनकार मुळात चित्रपटांतला. ‘प्लीज से समथिंग’ या त्याच्या लघुपटाला २००९ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचं ‘सुवर्ण अस्वल’ हे पारितोषिक मिळालं. (अस्वलं त्याला लाभतात!) मांजर आणि उंदीर यांचा विस्कटलेला संसार, बरोबर पंचवीस सेकंदांच्या तेवीस तुकड्यांत. चित्रांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. त्या गुळगुळीत करायला संगणकाला वेळ लागतो, म्हणून त्यानं ते करायचंच नाही असं ठरवलं. जगाचे नियम कितीही मोजके असोत, ते शेवटपर्यंत पाळले की प्रेक्षक विश्वास ठेवतो, हा त्याचा सिद्धांत. त्यावर त्यानं त्याच वर्षी एक निबंधही लिहिला. आणि खरंच, त्या खडबडीत मांजरीचं एकटेपण घशाशी येतं. गोंडस, केसाळ मांजर असती, तर आपण तिच्या केसांचंच कौतुक करत बसलो असतो.

स्पाइक जोन्झच्या ‘हर’ (२०१३) चित्रपटात नायक जो गेम खेळतो, त्यातलं शिवराळ पोर ओरायलीनंच घडवलेलं. पुढच्याच वर्षी त्यानं स्वतःचा गेम आणला: ‘माउंटन’. पडद्यावर एक डोंगर, खेळणाऱ्याला करण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. ऋतू पालटतात, मधूनच कुठली तरी वस्तू आभाळातून येऊन डोंगरात रुतते. बरेच जण वैतागले. मला मात्र तो चित्रपट-दिग्दर्शकाचाच गेम वाटतो. प्रेक्षकाला थांबून बघायला लावणं, हा त्याचा जुनाच धंदा.

‘एव्हरीथिंग’मध्ये (२०१७) मात्र अणूपासून आकाशगंगेपर्यंत काहीही होता येतं. गवताचं पातं व्हा, बेट व्हा. त्याच्या जाहिरातफितीला व्हिएन्नाच्या लघुपट महोत्सवात पारितोषिक मिळालं आणि ती चक्क ऑस्करच्या स्पर्धेसाठी पात्र ठरली. गेमची जाहिरात तिथवर पोचण्याची ही पहिलीच वेळ.

एक खटकतं. गेममध्ये अ‍ॅलन वॉट्स या तत्त्वचिंतकाची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकू येतात: सारं एकच आहे वगैरे. आवाज गोड आहे, पण जे अस्वलानं कोलांटी मारून दाखवलं, ते पुन्हा समजावून सांगायची काय गरज? मांजर-उंदरांच्या लघुपटात असं कुणी समजावत नाही, म्हणून माझ्या लेखी तो आजही ‘एव्हरीथिंग’पेक्षा सरस. दहा मिनिटांचाच आहे. आधी तो पाहा, मग गेमला हात घाला.