आवाज म्हाताऱ्याचा, ओठ नटाचे

बीबीसीच्या 2024 मधल्या ‘डी-डे : द अनहर्ड टेप्स’ या मालिकेत नॉर्मंडीत लढलेल्यांच्या जुन्या ध्वनिफिती वाजतात आणि त्यांवर तरुण नट ओठ हलवतात. कारागिरी चोख आहे, म्हणूनच ती जास्त खटकते. आवाज उतारवयातला, मागे वळून पाहणारा. चेहरा मात्र कालच लढाईवरून परतल्यासारखा तुकतुकीत. त्या लढाईनंतर हा माणूस तिच्या आठवणींसह कितीतरी वर्षं जगला, ही साक्षीतली मोलाची गोष्ट दिग्दर्शकांनी अडचण समजून काढून टाकली आहे.

अमेरिकी छत्रीधारी तुकडीवरच्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या मालिकेने (2001) ही चूक केली नाही. बहुतेक भागांच्या सुरुवातीला काळ्या पार्श्वभूमीवर म्हातारे छत्रीधारी सैनिक बोलतात आणि त्यांची नावं थेट शेवटच्या भागात कळतात. तोवर आपण सुरकुत्यांत ओळखीचं कोणी शोधत राहतो. तुकडीचे अधिकारी विंटर्स यांची भूमिका डेमियन लुईसने अप्रतिम केली आहे. तरीही अखेरीस खरे विंटर्स, एका सोबत्याने नातवाला दिलेलं उत्तर सांगताना गहिवरतात, तेव्हा सगळा अभिनय फिका पडतो. ‘वी स्टँड अलोन टुगेदर’ या सोबतच्या माहितीपटात तर ही माणसंच केंद्रस्थानी आहेत.

छत्रीधारी सैनिकांच्या बाबतीत चेहऱ्याला पर्यायच नाही. 6 जून 1944 च्या पहाटेपूर्वी 13,000 हून अधिक अमेरिकी सैनिकांनी अंधारात, ढगांतून आणि विमानविरोधी माऱ्यातून उड्या घेतल्या. तिथे चित्रीकरण कोण आणि कसं करणार? मग माहितीपटवाले सरावाच्या नाहीतर सप्टेंबरमध्ये हॉलंडवर भरदिवसा घेतलेल्या उड्यांच्या फिती चिकटवतात. सांगणारा काळोखाबद्दल बोलतोय आणि पडद्यावर लख्ख उन्हात शेकडो छत्र्या तरंगताहेत! याला पुरावा म्हणायचं?

यावर कोणी म्हणेल, स्मृतीही दगा देते. देतेच. विंटर्सच्याच तुकडीतला अल्बर्ट ब्लाइथ 1948 मध्ये वारला, असं सोबत्यांच्या आठवणींच्या भरवशावर ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ज्यावर बेतली त्या ॲम्ब्रोजच्या पुस्तकात आलं आणि मालिकेनेही तेच छापील सत्य म्हणून दाखवलं. प्रत्यक्षात तो पुढेही सैन्यात होता आणि 1967 मध्ये वारला. पण इथे दोष कागदपत्रं न पाहणाऱ्यांचा. आठवण सांगणाऱ्याच्या तोंडी नट बसवून तो भरून निघत नाही. ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ या माहितीपट-मालिकेने 1973 मध्येच दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर ठेवून रस्ता दाखवला होता.

शिवाय चित्रं कुठे खरं बोलतात? बांगलादेशच्या युद्धात 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलवर भारतीय सैन्याची दुसरी पॅरा बटालियन उतरली. ही मुळातली मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. वृत्तपत्रांत गाजलेलं छत्र्यांनी भरलेल्या आकाशाचं छायाचित्र मात्र आग्र्याच्या आधीच्या सरावाचं होतं. उडी घेतलेले आज सत्तरीपलीकडे आहेत. नकाशे, बाण, ढोल-ताशे आणि निवेदकाचा भारदस्त गळा यांवरचा खर्च थांबवून त्यांना त्यांच्या मराठीत, मध्ये न टोकता, हवं तितकं बोलू द्यावं. त्यांचं सांगणं बटालियनच्या नोंदींशी ताडावं आणि जिथे जुळत नाही, तिथे तसं पडद्यावर स्पष्ट लिहावं.