८७ टक्के गेम 'नष्ट' झाले, असं मीही लिहिलं होतं

पहिल्या प्रगती अहवालाच्या मसुद्यात मी एक वाक्य मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: "अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या व्हिडिओ गेमपैकी ८७ टक्के नष्ट झाले आहेत." मार्गदर्शक मॅडमनी 'नष्ट' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं, "कुणी सांगितलं?" मला जरा रागच आला. आकडा खरा होता, संदर्भही दिला होता. मग मूळ अहवाल उघडला आणि दहा मिनिटांत राग उतरला. कारण तोपर्यंत मी अहवाल वाचलाच नव्हता, त्याच्यावरच्या बातम्या वाचल्या होत्या.

हा अहवाल फिल साल्वाडोर यांनी लिहिलेला आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्क या संस्थांनी तो जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. एम्युलेटरवरच्या प्रत्येक वादात आता हा आकडा फेकला जातो. म्हणून तो नक्की काय मोजतो ते आधी नीट बघू या.

२०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेममधून १५०० गेम यादृच्छिक पद्धतीने निवडले. प्रत्येकाला एकच प्रश्न लावला: हा गेम आज अधिकृतरीत्या विकत मिळतो का? १३ टक्क्यांच्या आसपास गेम मिळाले. नमुना १५०० चा, म्हणजे ९५ टक्के विश्वास पातळीला चूक साधारण पावणेदोन टक्के इकडे-तिकडे. (हे गणित स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि मुलाखतीत विचारतात.) त्याशिवाय तीन यंत्रं वेगळी तपासली: कमोडोर ६४, गेम बॉय आणि प्लेस्टेशन २. ही निवड मला फार आवडली. पहिल्याला बाजाराने सोडून दिलेलं, दुसऱ्याकडे मालकाचं लक्ष कमी, तिसऱ्याचे गेम अजून खपणारे. तरीही कमोडोरचे पाच टक्क्यांच्या आत, गेम बॉयचे सहा टक्क्यांच्या आत आणि प्लेस्टेशन २ चे जेमतेम १२ टक्के गेम मिळाले. "कंपन्या आपले जुने गेम पुन्हा आणतातच की" या युक्तिवादाला याहून चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही.

या मोजणीत टेट्रिसला एक मत आणि कुणाच्या लक्षातही नसलेल्या गेमलाही एकच मत. यावर आक्षेप घेणारे भेटतात: लोकांना हवे असलेले गेम तर मिळतात ना? मला हा आक्षेप पटत नाही. लोकप्रियतेनुसार वजन दिलं तर आपण बाजार मोजू, इतिहास नाही. शंभर वर्षांनी कुणाला काय महत्त्वाचं वाटेल हे आजच्या खपावरून ठरत नसतं.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. अहवालात हा आकडा अमेरिकी मूकपटांच्या आकड्याशेजारी ठेवला आहे: मूकपट १४ टक्के उरले, गेमची स्थितीही तशीच. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तिथेच थांबायला हवं. मूकपटांचा तो आकडा लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी डेव्हिड पिअर्स यांनी २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासातला आहे. सुमारे ११ हजार चित्रपटांपैकी १४ टक्केच मूळ ३५ मिमी स्वरूपात शिल्लक आहेत, असं तो सांगतो. बाकीचे बहुतेक जगात कुठेच नाहीत. आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज नाही. कितीही पैसे टाकले तरी ती मिळणार नाही. गेमच्या आकड्यातले ८७ टक्के असे नाहीत. त्यातले बरेच कुणाच्या कपाटात, ग्रंथालयाच्या तळघरात किंवा एखाद्या फाइलच्या रूपात आहेत. ते फक्त दुकानात नाहीत. पहिला आकडा अस्तित्व मोजतो, दुसरा विक्री. दोन्ही टक्केवाऱ्या जवळपास सारख्या आल्या हा योगायोग आहे. अहवालाची व्याख्या स्वच्छ आहे, पण ही तुलना ती व्याख्या झाकून टाकते. बातम्यांनी तुलना उचलली आणि मी बातम्या उचलल्या.

शिवाय विक्रीचा आकडा तारखेला बांधलेला असतो. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. तिथे मिळणारे गेम बॉयचे कितीतरी गेम त्या दिवशी 'उपलब्ध' यादीतून गेले, पण नष्ट एकही झाला नाही.

मग संशोधकाने ते पाहायचे कसे? इथे एम्युलेटर येतो, आणि वाद घालणारे सगळे तीन गोष्टी एकत्र कालवतात. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्रासारखं वागणारं सॉफ्टवेअर. ते बनवणं अमेरिकेत मुळात बेकायदा नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने त्यासाठीची उलट-उकल योग्य वापर मानली. गेमची फाइल ही वेगळी गोष्ट, तिथे हक्क मालकाचा. आणि कुलूप तोडणं ही तिसरी. २०२४ मध्ये युझू या एम्युलेटरच्या कंपनीने २४ लाख डॉलर देऊन निन्टेन्डोशी तडजोड केली. पण तो स्विच या तेव्हा दुकानात असलेल्या यंत्राचा एम्युलेटर होता. जुन्या गेमच्या वादात हे उदाहरण देणाऱ्याला, मग तो कुठल्याही बाजूचा असो, आधी थांबवा.

खरा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. अमेरिकेत ग्रंथालयांना जतनासाठी गेमचं कुलूप तोडायची सवलत आहे, पण गेम इमारतीबाहेरून पाहता येत नाही. इतर सॉफ्टवेअर दुरून दाखवता येतं. गेमलाही तशी मुभा द्या, ही मागणी कॉपीराइट कार्यालयाने फेटाळली. जतन केलेले गेम लोक करमणुकीसाठी वापरतील, ही त्यामागची एक मोठी चिंता. कादंबऱ्याही लोक करमणुकीसाठीच वाचतात, म्हणून ग्रंथालयाने त्या बाहेर द्यायच्या नाहीत का? पण आपल्या बाजूचं दुबळेपणही मान्य करू: 'विकत मिळत नाही' यावरून 'संशोधनाला अमुकच पद्धतीने हवा' हे सिद्ध होत नाही. ती गरज वेगळी दाखवावी लागते, आणि ८७ चा आकडा ते काम करत नाही.

आता आपल्याकडे या. तो नमुना अमेरिकेत प्रकाशित झालेल्या गेमचा. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत फुंकर मारून टीव्हीला लावलेली कॅसेट त्यात कुठे बसते? '९९९९९९९ इन १' असं लेबल, आत मोजके गेम, तेच तेच नावं बदलून. तिचा अधिकृत प्रकाशक कोण आणि पुन्हा बाजारात आणणार कोण? उपलब्धतेचा प्रश्न तिला लावताच येत नाही, आणि माझा प्रबंध नेमका तिच्यावर आहे.

आपला कायदाही वाचून ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या ६५अ कलमात कुलूप तोडण्याच्या गुन्ह्याला हक्कभंगाच्या हेतूची अट आहे, हे अभ्यासकाच्या बाजूचं. पण कलम ५२(१)(एन) बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतं ते केव्हा? त्याच्याकडे आधीच 'बिगर-डिजिटल' प्रत असेल तेव्हा. पुस्तक स्कॅन करणाऱ्याला हे ठीक. जन्मतःच डिजिटल असलेल्या गेमची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून?

मसुद्यातलं वाक्य मी बदललं: "२०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के २०२३ च्या पाहणीवेळी अधिकृतरीत्या विक्रीस नव्हते." लांबलचक आणि बेचव झालं. तिसऱ्या प्रकरणात एक तक्ताही घातला: कोणता गेम, कोणती कॅसेट, कशावर पाहिला. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'एम्युलेटर' लिहावं लागलं. ते लपवू का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "लपवायचं कशाला? आवृत्ती क्रमांकासकट लिही. आणि कॅसेट कुठून आणलीस तेही."