कड नसलेला रस्ता

भारतातून पाहुणे आले की आम्हा लंडनकरांची एक वारी ठरलेलीच असते. साउथ केन्सिंग्टनला उतरायचं आणि एक्झिबिशन रोडवरची संग्रहालयं दाखवायची. पूर्वी त्या अरुंद फुटपाथवर मुलांचा हात सोडायची सोय नव्हती.

1851च्या महाप्रदर्शनावरून नाव पडलेला हा सुमारे 800 मीटरचा रस्ता 2012 साली नव्या रूपात खुला झाला. फुटपाथची उंच कड काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सपाट ग्रॅनाइट घातला, त्यावर तिरक्या रेघांची मोठी नक्षी. गाड्या बंद केल्या नाहीत, वेग ताशी 20 मैलांवर आणला. आपली हद्द कुठे संपते हे चालकाला नक्की कळलं नाही, तर तो आपणहून जपून चालवेल, हा त्यामागचा विचार.

मला हा रस्ता आवडतो, हे आधीच सांगते. बाबागाडी न उचलता पलीकडे जाता येतं. स्टेशनच्या बाजूला रस्त्यातच खुर्च्या टाकून लोक निवांत कॉफी पीत बसतात.

पण मागच्या उन्हाळ्यात आई आली. काचबिंदूमुळे तिला फार कमी दिसतं, काठीनं चाचपत चालते. मध्येच थबकून म्हणाली, "अगं, फुटपाथ संपला कुठे?" मी पायाखालची खाचांची पट्टी दाखवली. "ही होय! मला वाटलं, फरशीच खडबडीत आहे."

तिथे माझं मत बदललं. चालकानं आणि पादचाऱ्यानं एकमेकांकडे बघून वाट द्यायची, यावर ही रचना उभी आहे. ज्याला दिसत नाही, त्यानं काय करायचं? 'गाइड डॉग्ज' या संस्थेनं हाच आक्षेप रस्ता होण्याआधीच घेतला होता. 2018मध्ये तर सरकारनंच असे सपाट, सामायिक रस्ते करणं तूर्त थांबवा, असं स्थानिक संस्थांना सांगितलं.

म्हणून माझ्या मते हा रस्ता देखणा आहे, पण अपुरा आहे. हाताला लागेल एवढी बुटकी कड आणि दोन-तीन ठसठशीत झेब्रा पट्टे दिले असते, तर शोभा काही कमी झाली नसती.

तुमच्याकडे आजी-आजोबा आले की त्यांना इथे जरूर न्या. फक्त हात धरून, इमारतींच्या बाजूनं चाला. नाहीतर स्टेशनातून संग्रहालयांकडे जाणारा जुना भुयारी मार्ग आहेच. आई परतताना तिथूनच आली, तीही माझा हात न धरता!