सहलीचे वाङ्मय : बंदर आणि घाटमाथा

दिवाळी अंक आणि सहल यांचे नाते जुने आहे. अंक घरात येतो तो ऐन सुटीच्या तोंडावर. फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की मुलांची ‘कुठेतरी जाऊ या’ अशी भुणभुण सुरू होते, आणि अंकातला एखादा सहलीवरचा लेख त्या भुणभुणीला वाट दाखवतो. कवितेचा परिणाम मोजता येत नाही, कथेचा तर वादच होतो. पण सहलीचा लेख वाचून लोक खरोखरच घराबाहेर पडतात. वाचकाच्या पायांना चालना देणारा हा बहुधा एकच वाङ्मयप्रकार असावा. आणि तरीही प्रवासवर्णनाचे धाकटे भावंड म्हणून आपल्या टीकाकारांनी त्याला ओसरीवरच बसवून ठेवले आहे. त्याचे गुणदोष एकदा नीट पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

एका दिवसाच्या सहलीचे लिखाण आज ज्या वळणाने जाते ते वळण कुठून आले? माझ्या मते ते आगबोटीवरून आले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला निघालेला मराठी माणूस एडन, पोर्ट सैद करीत भूमध्य समुद्रात शिरू लागला. नेपल्स, जिनोआ, मार्सेल्स अशा एखाद्या उन्हाने उजळलेल्या बंदरात बोट लागे. कोळसा-पाणी भरून होईपर्यंत उतारूला मोकळा वेळ मिळे. नेपल्सला उतरला तर तो पाँपेईचे गाडले गेलेले शहर पाहून येई. कोणी सुएझलाच बोट सोडून मोटारीने कैरो गाठी, पिरॅमिड पाही आणि पोर्ट सैदला पुन्हा बोट पकडी. ही खरी एका दिवसाची सहल. तिच्यामागे बोटीचा भोंगा उभा असे. भोंग्याआधी धक्क्यावर पोचले नाही तर बोट निघून जायची. म्हणून पाहणेही भराभर आणि लिहिणेही भराभर. किती वाजता निघालो, गाडीवाल्याने काय मागितले, वाटाड्याने काय दाखवले, कुठे काय खाल्ले आणि परत कधी आलो, या पाच खुंट्यांवर ते वर्णन टांगलेले असे.

या घाईला मी दोष देत नाही. ती प्रामाणिक घाई होती. ज्याला आयुष्यात एकदाच आणि तेही चार तासच पाँपेई दिसणार, त्याने यादी केली तर नवल नाही. शिवाय त्या धावपळीत एक निरागस विस्मय होता. आगबोटीच्या युगाच्या अखेरीस आलेली पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) वाचताना हा विस्मय विनोदाच्या रूपाने पुन्हा भेटतो. युरोप पाहता पाहता तो लेखक स्वतःलाच हसतो. विलायतेइतकेच तिथे गेलेले मराठी घरही आपल्याला दिसते. दुर्दैव असे, की या पुस्तकाच्या मागून आलेल्यांनी त्यातला आपल्याला हसण्याचा गुण सोडला आणि खाण्यापिण्याच्या गमती तेवढ्या उचलल्या.

आगबोटीच्या आधीचे वळण वेगळे होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे पायी निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ पुस्तकरूपाने आला तो १९०७ साली. त्यात प्रेक्षणीय स्थळांची यादी जवळजवळ नाही. काय पाहिले यापेक्षा काय भोगले आणि कोण भेटले याचा तो वृत्तान्त आहे. पायी चालणाऱ्याला वाटेतले गाव टाळता येत नाही. तिथेच मुक्काम करावा लागतो, तिथलेच पाणी प्यावे लागते. बोटीवरच्या उतारूला मात्र दोन बंदरांच्या मधे नुसता समुद्र असतो. हा ‘मधे नुसता समुद्र’ पाहण्याचा डोळा आपण पुढे घरी घेऊन आलो, हे आपल्या सहलीच्या वाङ्मयाचे खरे दुखणे आहे.

उदाहरण जवळचेच घेऊ. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, पूर्वेच्या अंगाला लोणी नावाचे गाव आहे. इकडे पाऊस कमी. बाजरी-ज्वारीचा मुलूख, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ. याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकर आहे. तिथे पाऊस कोसळतो, जंगल दाट आहे आणि हिरडा गोळा करून चार पैसे मिळवणारी महादेव कोळ्यांची वस्ती आहे. एकाच तालुक्यात ही दोन टोके. आता या भागावरचे सहलीचे लेख काढून पाहा. ‘हिरवेगार आंबेगाव’, ‘ढगांच्या दुलईतले भीमाशंकर’, ‘डिंभे धरणाचा निळाशार जलाशय’ — पश्चिमेचे अर्धे चित्र तेवढे सापडेल. लोणी सापडले तर ते ‘वाटेत लागते’ एवढ्यापुरते. लोणीला कोणी सहलीस यावे असा माझा आग्रह नाही. तक्रार इतकीच, की पश्चिमेचा पाऊस आणि पूर्वेची कोरड एकमेकांवाचून समजत नाहीत; आणि ज्याने मधली वाट वगळली त्याला दोन्ही टोकांना फक्त देखावाच दिसतो.

त्या निळ्याशार जलाशयाचेच पाहा ना! आंबेगाव हे तालुक्याचे नाव. पण ज्या गावावरून ते पडले ते आंबेगाव घोड नदीवरच्या याच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे आणि धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे नेले आहे. म्हणजे एक गाव बुडाले, काहींची शेते भिजली आणि काही अजून वाट पाहत आहेत. ज्या पाण्याने आपल्या तालुक्याला नाव देणारे गाव गिळले, त्याला नुसते ‘निळेशार’ म्हणून पुढे जाणारा लेखक निसर्गप्रेमी असेलही. पण त्याने पाहिले काही नाही, असे म्हणणे भाग आहे.

येथे कोणी विचारील, की एका दिवसाच्या पाहुण्याकडून एवढी अपेक्षा कशाला? तो आला, दोन घटका रमला, आनंदाने परत गेला. त्यात बिघडले काय? बिघडले काही नाही. पण याच डोंगरांत बंदरावरून वर आलेल्या पाहुण्यांची फार जुनी उदाहरणे आहेत, आणि ती पाहिली की अपेक्षा कुठवर ठेवता येते याचा अंदाज येतो.

आज आपण मार्सेल्स-नेपल्सच्या आसपासच्या सहली वाचतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चित्र उलटे होते. तेव्हा बंदर आपले होते आणि प्रवासी भूमध्य समुद्राकडचा. इजिप्तमधल्या ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ ही सागरी वाटांची माहितीवजा पुस्तिका लिहिली. तिच्यात आपले कल्याण आहे, सोपारा आहे आणि पैठणही आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली, अडथळे आले आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. कल्याणहून देशावर येण्याची वाट नाणेघाटातून होती आणि घाट चढून आले की जुन्नर. घाटाच्या माथ्याशी लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. राजकुळातल्या माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावे तेवढी उरली आहेत. जवळच तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

या वाटेने वर आलेल्या माणसांपैकी तिघांनी जुन्नरच्या लेण्यांत आपली नावे ठेवली आहेत. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, त्याचे नाव इरिल. दुसऱ्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, त्याचे नाव चिट. तिसरा चंद, मानमोडीच्या डोंगरातल्या चैत्यगृहाचे दर्शनी काम त्याचे. तिघेही आपल्याला ‘यवन’ म्हणवतात. यवन म्हणजे नेमके ग्रीक, की पश्चिमेकडून आलेला कोणीही, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. दोघांची नावे तर चांगलीच देशी वाटतात. ते काहीही असो. कार्ल्याच्या लेण्यातही खांब देणारे यवन आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती सापडली आहे. तेव्हा समुद्रापलीकडच्या जगाशी या घाटमाथ्याचे दळणवळण होते, यात शंका नाही.

मला या तीन लेखांत वाङ्मयाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट दिसते. ओळ जेमतेम एक. पण तीत मी कोण आणि इथल्या माणसांना मी काय दिले, हे दोन्ही आहे. मला इथे काय मिळाले, याचा उच्चार नाही. आपल्या सहलीच्या लेखात नेमके उलट असते. मला काय दिसले, मला काय मिळाले, मला किती पडले. पानेच्या पाने ‘मला’ने भरलेली. ज्या डोंगरात पाणी दुर्मिळ, तिथे इरिलाने पाण्याची टाकी द्यावीत, याचा अर्थ त्याने त्या जागेची गरज ओळखली होती. जागेची गरज ओळखणे, हाच चांगल्या स्थलवर्णनाचा पहिला गुण होय.

हा गुण मराठीत नाही असे मात्र कोणी समजू नये. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तला (१९४९) ‘वाटचाल’ हा लेख घ्या. पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीबरोबर चालतात, आणि चालता चालता महाराष्ट्र म्हणजे काय याचे उत्तर त्यांना सापडते; पण त्याच वाटेवर सोवळ्या-ओवळ्याच्या पंक्तीही दिसतात, त्या त्यांनी झाकलेल्या नाहीत. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’मध्ये (१९७०) नेवाशाच्या एका खांबासमोर उभे राहून ज्ञानेश्वरीचा सारा अवकाश उभा केला. खांब एकच, पाहायला एक तासही पुरे! तेव्हा दोष अपुऱ्या वेळाचा नाही. गो. नी. दांडेकर गडांवर पुन्हा पुन्हा गेले, म्हणून त्यांच्या दुर्गलेखनात वाटाड्या हा गाईड न राहता नाव-गाव असलेला माणूस होतो. या तिघांच्या रीती वेगळ्या, पण तिघांनीही वाटेतले गाव गाळलेले नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारणही आहे. जुन्नर तालुक्याला २०१८ साली राज्य सरकारने पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत शिवनेरी आहे. आता माणसे येणारच, आणि यावीतही. ती येतील ती बहुधा काही वाचून येतील. त्यांच्या हाती जर पाच खुंट्यांचे तेच लिखाण पडले, तर लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजून, रांजणाजवळ छायाचित्र काढून ती परत जातील. ज्या खडकावर दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे आहेत त्यावर आपलेही नाव कोरावे असे त्यांतल्या एखाद्याला वाटले, तर दोष त्याचा आहेच. पण ‘हा जुना दगड’ एवढेच लिहून थांबणाऱ्या लेखकाचाही त्यात वाटा आहे. चिटाचे नाव राहिले ते भोजनमंडपाच्या देणगीमुळे, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते.

बंदरावरून वर आलेल्या वस्तूंनाही हेच लागू आहे. भीमाशंकरला एक पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ती आणली, असे सांगतात. सहलीचे लेख तिची नोंद घेतात आणि पुढे जातात. पण ख्रिस्ती देवळातली घंटा शंकराच्या देवळात टांगली जाते, यात समुद्र, युद्ध, नवस आणि घाटाची चढण असे केवढे नाट्य भरलेले आहे! ते उलगडायला पांडित्य लागत नाही. ‘ही इथे कशी आली?’ असा प्रश्न स्वतःला विचारला, की पुरे.

म्हणून वाचकांना एक साधी कसोटी सुचवाविशी वाटते. दिवाळीच्या सुटीत सहलीचा लेख वाचाल तेव्हा तो घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी ‘कधी जायचे?’ एवढेच विचारले, तर लेख बरा आहे, कामाचा आहे. त्यांनी ‘ते गाव पाण्यात का गेले?’, ‘इरिलाला पाणी द्यावेसे का वाटले?’ असे काही विचारले, तर लेख चांगला आहे. आणि ‘मधे कुठले गाव लागते, आणि तिथले लोक काय करतात?’ असे एखाद्याने विचारले, तर तो लेख खुशाल जपून ठेवा. त्याच्या लेखकाला पाहता येते. लोणीसारख्या वाटेवरच्या गावांना अशा लेखकांची फार दिवस प्रतीक्षा आहे.