आरेची बाटली

एखाद्या वसाहतीचा इतिहास म्हणजे कोनशिला, उद्घाटनाचें भाषण व थोर पाहुण्यांचीं छायाचित्रें, अशी आपल्याकडे समजूत आहे. गोरेगांवच्या आरे दुग्धवसाहतीपुरती अशा सामग्रीची वाण नाहीं. १९४९ सालीं ती वसाहत उभी राहिली आणि १९५१ सालीं पंडित नेहरूंनीं तेथें रोप लाविलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुंबईकरांच्या घरोघरीं जो आरेचा इतिहास उरला आहे तो निराळा. तो माळ्यावरच्या काचेच्या बाटलींत, पातळ धातूच्या झांकणांत आणि दुधाच्या कार्डांत आहे. त्याचें मोल काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम बाटलीच घ्या. ती कधींच घरची नव्हती! रिकामी बाटली केंद्रावर दिल्यावांचून भरलेली मिळत नसे. म्हणजे आज जी बाटली कौतुकानें कपाटांत मांडली जाते ती वस्तुतः परत करावयाची राहून गेलेली वस्तु होय. (आमच्या घरच्या बाटलींत मनीप्लँट लाविलेला आहे, दोष आमच्याकडेही आहे.) कार्ड तर याहूनही बोलकें. कोणत्या घरानें किती बाटल्या घ्याव्या हें त्यावर ठरलेलें असे. दूध विपुल असतें तर कार्ड कशाला लागतें? शहरांतील गलिच्छ गोठे हालवून म्हशी गोरेगांवच्या मोकळ्या रानांत न्याव्या, सरकारनें गोठे बांधावे, म्हशी मालकांच्या राहाव्या आणि दूध निर्जंतुक होऊन शहरांत यावें, ही योजना भव्य होती. तथापि शहराची तहान तिच्याहून मोठी होती. दारा खुरोडी यांनीं १९४६ सालींच म्हशीच्या दुधांत पाणी व सायविरहित दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दूध काढलें, तें याच टंचाईपायीं. गौरवग्रंथ जी ओढाताण झांकतात ती कार्ड सांगून टाकतें.

इतकें असूनही या वस्तूंवर आम्ही पूर्ण विश्वास ठेवूं इच्छीत नाहीं. त्या सर्व गिऱ्हाइकाच्या आहेत. छोटा काश्मीरच्या बागेंत काढलेलें कुटुंबाचें छायाचित्रही सहलीस आलेल्यांचेंच. पहाटे धार काढणारा गवळी त्यांत नाहीं. आणि वसाहतीच्या आधींपासून त्या रानांत राहणारे केलटीपाडा, जीवाचा पाडा येथील वारली तर मुळींच नाहींत. किर्लोस्करवाडीशीं ताडून पाहावें. १९१० सालीं वसलेल्या त्या गांवानें दहा वर्षांत ‘किर्लोस्कर खबर’ काढून आपली हकीकत आपणच छापावयास घेतली. ती कारखानदारांच्या दृष्टीची होती हें खरें, पण ती गांवाच्या आंतून आलेली होती. आरेस असा आवाज लाभला नाहीं.

२०१९ सालीं मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील झाडें रात्रींतून तोडलीं गेलीं, तेव्हां ही उणीव आम्हांस विशेष जाणवली. पुष्कळ सुशिक्षित घरांतून हळहळ व्यक्त झाली, आणि तिच्यांत बाटलीची आठवण हटकून होती. परंतु ज्यांचें घरच त्या झाडांखालीं, त्यांच्या आठवणी सांगणारी वस्तु कोणाच्याच कपाटांत नव्हती.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, बाटल्या आतां पुरेशा झाल्या. गोठेवाल्याची जुनी वही, म्हशींचें वैरणखातें, पाड्यावरचा एखादा जुना कागद कोणाजवळ असल्यास तो आधीं जपावा. तसा एखादा कागद कोणी दाखवीत असेल तर तो पाहावयास गोरेगांवास येण्याची आमची तयारी आहे.